आईचा मी

हॉटेलच्या दालनातला पियानो लावून झाला आणि सवयीप्रमाणे लुंगिसानं शेवटी तीन पट्ट्या एकदम दाबल्या, तेव्हा त्याला वाटलं, आत काहीतरी राहिलंय. शेजारच्या तारा गप्प ठेवायला खोचलेली फेल्टची एखादी पाचर अडकली असेल. त्यानं झाकण उचलून आत हात घातला, तारा चाचपल्या. काही नव्हतं. पाचरी सगळ्या पिशवीत होत्या. पुन्हा त्याच तीन पट्ट्या. डो, मी, सो हे इंग्रजी सरगमीतले तीन सूर. डो स्थिर होता. सो जवळजवळ स्थिर होता. मधला मी मात्र थरथरत होता, भिंतीपलीकडं कुणी शिवणयंत्र चालवत असावं तसा, एका लयीत, न थांबता. ती थरथर त्याच्या ओळखीची होती. एका सेकंदाला सात हेलकावे. ते त्यानंच तासाभरापूर्वी मोजून तिथं ठेवले होते. गेली एकतीस वर्षं जोहान्सबर्गपासून दिवसभराच्या वाटेवरच्या या ईस्ट लंडन बंदरातल्या प्रत्येक पियानोत तो ते ठेवत आला होता. शाळांत, चर्चांत, समुद्राकाठच्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांत. मोजताना ते ऐकू यायचे आणि मोजून झालं की शहाण्या माणसांसारखे गप्प बसायचे. आज ते गप्प बसेनात.

“झालं का, ताता?” काउंटरवरच्या मुलीनं वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं विचारलं. “मस्त वाजतोय.”

“तुला काही हलल्यासारखं वाटतं का ग?”

तिनं आधी छताला टांगलेल्या दिव्यांकडं पाहिलं, मग खिडकीकडं. “वारा असेल. समुद्रावरनं येतो. लावून घेऊ खिडकी?”

“नको,” लुंगिसा म्हणाला आणि तारा पिळायची किल्ली पिशवीत टाकून बाहेर पडला. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, पण जूनचं, ऐन हिवाळ्यातलं, नुसतं दिसायला. घराकडं, म्दान्त्सानेच्या वस्तीला जाणाऱ्या भरलेल्या टॅक्सीत तो मागच्या बाकावर तिघांच्या मध्ये बसला. ड्रायव्हरनं गाणं लावलं होतं आणि त्या गाण्यातही एक यंत्राचा पियानो होता, आणि त्यातही तेच चाललं होतं. सात, किंवा वरच्या पट्टीत असल्यामुळं नऊ. त्याला वाटलं, आपला कान बिघडला. बावन्नाव्या वर्षी लोकांचे गुडघे बिघडतात, आपला कान. मग त्याला वाटलं, कान बिघडला असता तर होतं ते ऐकू येईनासं झालं असतं. आपल्याला तर जास्त ऐकू येतंय. मग हे काय? शेजारची बाई मांडीवर पावांची पिशवी घेऊन बसली होती. ती सरकून म्हणाली, “भाऊ, बोटं आवरा जरा.” त्याची बोटं तिच्या पिशवीवर हेलकावे मोजत होती.

प्रिंगलच्या दुकानात तो लागला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. कामाला लागला तो पियानो उचलायला. प्रिंगल हा स्कॉटलंडहून आलेला लाल मानेचा म्हातारा, आणि त्याला वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं झालं होतं. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. एकदा तो एक तार लावत असताना पियानोचं दुसरं टोक धरून उभा असलेला लुंगिसा न राहवून म्हणाला होता, “अजून थोडी वर, मास्टर.” प्रिंगलनं रोखून पाहिलं. मग किल्ली त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून पियानो उचलायला दुसरी माणसं आली. प्रिंगल त्याला शाळेत मिळालेल्या इंग्रजी नावानं, वॉल्टर म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं वॉल्टरला डोवर मी लावायला सांगितला, आणि वॉल्टरनं तो असा लावला की दोन्ही सूर एकमेकांत मिटून गेले, कुठं जोड दिसेना. प्रिंगल हसला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “हे कोणी शिकवलं तुला?”

“कुणीच नाही, मास्टर.”

“फार गोड लावलंस. पियानोत गोड म्हणजे चूक.” आणि मग त्यानं ते सांगितलं, जे लुंगिसानं पुढं आयुष्यभर कुणालाही न सांगता पाळलं. पट्ट्या बाराच आहेत, वॉल्टर, आणि देवानं माप नीट घेतलेलं नाही. एकेक जोडी गोड लावत गेलास तर शेवटी थोडं उरतं. ते उरलेलं एकाच कोपऱ्यात टाकलंस तर तिथं लांडगा ओरडतो, त्या कोपऱ्यातलं गाणं कुणाला वाजवता येत नाही. म्हणून ते सगळ्यांना थोडं थोडं वाटून द्यायचं. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं कमी खोटं आलं पाहिजे की कुणालाच कळू नये. हे सांगताना त्यानं वॉल्टरच्या मीची खुंटी किंचित वर फिरवली, आणि तो मिटलेला सूर उघडला, कडेनं थरथरू लागला. “मोज. सात आले की थांब.” वॉल्टरनं मोजले. त्याला ते आवडलं नव्हतं, एवढं त्याला आज टॅक्सीत आठवलं. मधल्या एकतीस वर्षांत ते आठवलं नव्हतं. पण हेही खरं होतं, की त्या दुकानात एका गोऱ्या माणसानं त्याच्या हातात किल्ली दिली होती, आणि त्या किल्लीवर त्याचं घर उभं राहिलं, दोन मुलींची शिक्षणं झाली, आणि मनाई असलेल्या वस्त्यांत जायचे परवाने मिळाले. एकेका घराच्या दिवाणखान्यात, जिथं त्याच्या माणसांना मागच्या दारानं यावं लागायचं, तिथं तो पुढच्या दारानं आत जाऊन सात मोजत बसायचा.

हे सगळं मंगळवारी सुरू झालं होतं. चर्चच्या हॉलमध्ये गायनमंडळाची तालीम होती. स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते आणि यंदाच्या स्पर्धेचं गाणं विचित्र होतं. सुरुवातीला पियानो, मग बराच वेळ नुसते गळे, मग पुन्हा पियानो. एरवी त्यांच्या मंडळाला पियानो लागतच नसे. डो कुणीतरी गुणगुणायचं आणि चाळीस माणसं त्यावर चढून बसायची. आता मात्र मधला भाग संपून पियानो परत आला की तो वरच असायचा आणि मंडळ खाली. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं होत होतं. दर वेळी. मंडळाचा मास्तर फुझानी, शाळेत शिकवायचा म्हणून सगळे त्याला तिशला, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, तिशीतला, विद्यापीठात शिकून आलेला, घामाघूम झाला होता. त्यानं खिशातून सूर मोजायची, काटा असलेली एक छोटी पेटी काढली आणि एकेका माणसाला एकटं गायला लावलं. लुंगिसा खर्जातल्या पुरुषांत उभा होता. त्याची आई नोफेझिले बायकांच्या दुसऱ्या ओळीत, जिथं ती बावीस वर्षं उभी राहत आली होती. मधला सूर तिचा. दोन्ही बाजूंच्या बायका किंचित तिच्याकडं कललेल्या असायच्या, झाडं कलतात तशा.

“माभेले,” तिशला तिच्या कुळाच्या नावानं अदबीनं म्हणाला, “पुन्हा एकदा. फक्त मी.”

आईनं मी लावला. काटा डावीकडं सरकला आणि तिथं थांबला, कुणी खिळा मारल्यासारखा.

“चौदा,” तिशला हळूच म्हणाला. “दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर चौदा भाग खाली. पाचदा गायलात, पाचही वेळा चौदाच.”

“तिशला,” मागून गाणाऱ्यांतला म्हातारा वुयिसिले ओरडला, “आम्हा म्हाताऱ्यांचं सगळंच खाली गेलंय. सूर एकटाच कसा वर राहील?”

हॉल हसला. आईही हसली, तोंडावर हात धरून. तिशला हसला नाही. तो लुंगिसाकडं वळला आणि त्यालाही त्याच्या वडिलांच्या कुळाच्या नावानं हाक मारली. “ताता रादेबे, शहरातले सगळे पियानो तुम्ही लावता. तुमच्या कानापुढं ही पेटी म्हणजे खेळणं आहे. आई म्हणून नका सांगू, कान म्हणून सांगा. पियानोच्या मानानं यांचा मी उतरतो का?”

त्या क्षणी लुंगिसाच्या मनात काय होतं, ते त्यानं नंतर कितीतरी वेळा शोधून पाहिलं. चुकणारा माणूस पाच वेळा चुकला तर पाच जागी चुकतो, एकाच जागी नाही, हे त्याच्या मनात आलं होतं का? आलं होतं. पण ते वाक्य तोंडापर्यंत येईतो दुसरं एक वाक्य पुढं झालं. प्रश्न साधा होता. पियानोच्या मानानं. पियानो त्यानंच लावलेला होता.

“हो,” तो म्हणाला. “थोडा.”

आईनं त्याच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. दुसऱ्याचे बूट घालून घरी आलेल्या मुलाकडं बघावं तसं तिनं पाहिलं, म्हणजे आधी पायांकडं आणि मग तोंडाकडं. गुरुवारी तिशला बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं सांगितलं की माभेलेंनी यंदा विश्रांती घ्यावी. त्या आल्या की बाकीच्या बायका त्यांच्यामागं जातात. स्पर्धेच्या दिवशी मात्र बसमध्ये पहिली जागा त्यांची. आई म्हणाली, “तिशला, चहात साखर किती?” आणि शुक्रवारी लुंगिसा हॉटेलातला पियानो लावायला गेला होता.

तो घरी पोचला तेव्हा आई ओट्यापाशी भांडी विसळत होती. तो दारात थबकला. काय बदललंय हे त्याला आधी कळलंच नाही. नळ वाहत होता, ताटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मग लक्षात आलं, की नुसतं तेवढंच ऐकू येतंय. आई भांडी घासताना गुणगुणायची. कपडे वाळत घालताना, मक्याची कणसं सोलताना, शेजारणीची वाट बघत फाटकाशी उभी असताना गुणगुणायची. त्याच्या जन्मापासून ते घरात असायचं, चुलीचा वास असावा तसं. आता घर धुऊन टाकल्यासारखं झालं होतं.

“कधीपासून?” त्यानं बायकोला विचारलं. तोझामा इस्पितळातली ड्यूटी संपवून पाय टेबलावर ठेवून बसली होती.

“मंगळवारपासून. आज कळलं तुला? अख्ख्या गावाचं ऐकणारा माणूस तू.”

“मी खरं तेच सांगितलं, तोझामा.”

“मी कुठं म्हटलं तू खोटं बोललास? पेशंट वजनकाट्यावर उभा राहतो, काटा सांगतो तेच मी लिहिते. पण रादेबे, काट्याला कुणी जन्म दिलेला नसतो.”

तो मागच्या गॅरेजमध्ये गेला. तिथं त्याचा एक जुना उभा पियानो होता, कुणीतरी टाकून दिलेला. दुरुस्त करून विकायचा म्हणून ठेवलेला आणि मग न विकलेला. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं त्याची पुढची फळी काढली. काय करतोय हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. डो तसाच ठेवला. मीच्या खुंटीवर किल्ली बसवली आणि खाली आणायला लागला, केसाएवढं, मग अर्ध्या केसाएवढं. सात हेलकाव्यांचे पाच झाले, तीन झाले. एक लांबलचक हेलकावा उरला, श्वासासारखा, आणि मग तोही गेला. पियानोचं लाकूडच कुठंतरी आत सैलावलं. आणि त्याला पेडीकडच्या खेड्यातली झोपडी आठवली. आठवली म्हणजे दिसली नाही, पाठीत आली. तो चार-पाच वर्षांचा, आईच्या पाठीला टेकून बसलेला. आईच्या पुढ्यात माणसाएवढं उंच धनुष्य, त्याला एकच तार, खाली पोकळ भोपळा. ती गवताच्या काडीनं तारेवर टिचक्या मारायची आणि भोपळ्याचं तोंड छातीशी उघडायची, मिटायची. तार एकच, पण छाती उघडली-मिटली की तिच्या पोटातले सूर एकेक बाहेर यायचे, कुणी न लावलेले, मुळातच तिथं असलेले. त्यातलाच एक मी. तो सूर त्यानं कानानं ऐकलाच नव्हता, आईच्या मणक्यांतून ऐकला होता. वडील जोहान्सबर्गच्या खाणीतून परत आले नाहीत तेव्हा ती त्याला घेऊन शहरात आली. चर्चच्या वडीलधाऱ्यांना ते धनुष्य पटलं नाही, आणि तिनं ते कुणाला तरी देऊन टाकलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. सूर मात्र बरोबर आणला होता. बावीस वर्षं ती तो चाळीस माणसांत लावत होती, आणि चाळीस माणसं त्याच्याकडं कलत होती.

त्यानं सो लावला, वरचा डो लावला. मग फा, मग ला. सगळे गोड. प्रिंगल असता तर हसून हसून मेला असता. लुंगिसा एकामागून एक पट्ट्या दाबत गेला, आणि गॅरेजच्या दारात सावली पडली. आई उभी होती, हातात ताटली आणि पुसायचं फडकं.

“हा कुणाचा पियानो?” तिनं विचारलं.

“आपलाच.”

“आपला असा नव्हता.” ती आत आली. लाकडावर तिनं तळवा ठेवला. “पुन्हा वाजव.” त्यानं वाजवलं. तिनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले असं त्याला वाटलं, पण आवाज आला नाही. आपण जिंकतोय असं वाटून त्याचा हात पुढच्या सुरावटीकडं गेला, मग त्याच्याही पुढच्या, जिथं गोड लावताना उरलेलं सगळं साचलं होतं. आणि पियानो किंचाळला. पत्र्यावर खिळा ओढावा तसं. आई दचकली, ताटली छातीशी धरली, आणि मग मोठ्यानं हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

“एक खोली झाडलीस,” ती म्हणाली, “आणि सगळा केर शेजारच्या खोलीत लोटलास.”

“मग केर टाकायचा कुठं, आई?”

“मला काय विचारतोस? माझं घर एका खोलीचं होतं.”

“आई, त्या दिवशी तुझा सूर बरोबर होता.”

“मग तिथं का नाही म्हणालास?”

“तिथं म्हणालो तेही खरंच होतं.”

“दोन्ही खरं?”

“हो.”

“तुझा ताप बघायला सांगते तोझामाला,” ती म्हणाली आणि ताटली पुसत आत गेली. स्वयंपाकघरातून पुन्हा नुसता नळाचा आवाज येऊ लागला.

सोमवारी तो शाळेत जाऊन तिशलाला भेटला. मैदानात मुलं ओरडत होती आणि त्या गोंगाटात लुंगिसानं त्याला सांगायचा प्रयत्न केला. आईचा मी हा मुळातला मी आहे. पियानोचा मी मुद्दाम चढवलेला असतो. तो मी स्वतःच चढवतो, किल्लीनं, सात मोजून. तिशलानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती.

“हे मी पुस्तकात वाचलंय, ताता,” तो म्हणाला. “खरं आहे ते. म्हणजे पियानो चुकीचा?”

“नाही. पियानो बरोबर आहे. तसा नसेल तर वाजवताच येणार नाही.”

“मग माभेले चुकीच्या?”

“नाही.”

“मग चुकलं कोण?”

“कुणीच नाही. पण तू माझ्या आईला काढलंस.”

“मी तुम्हाला विचारून काढलं, ताता,” तिशला म्हणाला. तो इतक्या मऊपणानं म्हणाला की लुंगिसाला तिथून निघावंच लागलं. मंगळवारी तो तालमीला गेला. आईच्या जागी एक तरुण मुलगी उभी होती. मधल्या भागातही आता पियानो हलकेच वाजत राहायचा, गळ्यांना धरून, आणि शेवटी मंडळ आणि पियानो एकाच पायरीवर भेटायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वुयिसिलेनं त्याच्या पाठीत थाप मारली. लुंगिसाला ते गाणं लखलखीत वाटलं, आणि घासलेल्या भांड्यासारखं रिकामंही वाटलं. आणि हे खरंच तसं आहे की आईसाठी आपण ते तसं ऐकतोय, हे त्याला ठरवता येईना. तो खर्ज लावत होता तोही कुठं लावतोय हे कळेना. काही वेळा त्याला वाटे पियानो आपल्याला वर ओढतोय, काही वेळा वाटे रिकाम्या जागेकडं आपण कलतोय. त्या आठवड्यात त्यानं दोन घरांची बोलावणी तब्येत बरी नाही म्हणून पुढं ढकलली. खोटंही नव्हतं ते. किल्ली हातात घेतली की खुंटीपर्यंत न नेताच तो ती परत पिशवीत टाकायचा.

स्पर्धेच्या आदल्या सोमवारी शेजारचे ताता सोन्त्शी वारले. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे, रोज सकाळी फाटकाशी उभं राहून आईशी हवापाण्याबद्दल भांडणारे. दफन शनिवारी ठरलं. शनिवारीच स्पर्धा. मंडळाची बस सकाळी सहाला निघणार होती आणि तिच्यातून गल्लीतली गाणारी सगळी माणसं जाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी तिशलाचा फोन आला.

“ताता, तुमची जागा पुढं ठेवलीय. माभेले येतील ना?”

“आई दफनाला जाणार.”

“आणि तुम्ही?”

लुंगिसानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. खर्जात एक माणूस कमी झाला तर पियानो धरून घेईल, हे त्याला माहीत होतं. सोन्त्शींच्या कबरीवर माती लोटायला आणि गायला गल्लीत किती पुरुष उरणार, हेही माहीत होतं. पण त्यामुळं तो नाही म्हणाला असं नाही. कशामुळं म्हणाला, हे त्याला सांगता आलं नसतं. “मीही इथंच,” तो म्हणाला. पलीकडनं तिशला म्हणाला, “बरं, ताता. सोन्त्शींना आमचा नमस्कार.” मंडळ त्या शनिवारी पहिलं आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी बस भोंगा वाजवत गल्लीत आली, तिशला करंडक घेऊन थेट आईपाशी आला आणि तिच्यासमोर वाकला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना आत जेवायला नेलं. म्हणजे तिशलाचं बरोबरच होतं. त्या संध्याकाळी लुंगिसानंही त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं. पण ते सगळं दफनानंतरचं.

दफनभूमी टेकडीच्या उतारावर होती. वारा होता. खड्ड्याभोवती पंचवीस-तीस माणसं, त्यातल्या बऱ्याचशा म्हाताऱ्या बायका, ब्लँकेटं गुंडाळलेल्या. पाद्र्याचं बोलणं झालं, शवपेटी खाली गेली, दोराचा खरखर आवाज आला आणि थांबला. मग फावडी पुढं आली. माती पडायला लागली की गाणं सुरू व्हायला हवं. पेटीवर नुसती माती पडल्याचा आवाज घरच्यांच्या कानावर पडू द्यायचा नसतो. पण सुरू कोण करणार? सुरू करणारे सगळे बसमध्ये होते. पहिलं ढेकूळ पडलं. दुसरं पडलं. सोन्त्शींची मुलगी कण्हली. लुंगिसा फावडं हातात घेऊन उभा होता. जे सुचत होतं ते सगळं पियानोचं होतं. तेवढ्यात आईनं सुरू केलं. तीन आठवड्यांनंतरचा आवाज, गंज चढलेला, जमिनीलगत. बायका तिच्याकडं कलल्या. पुरुषांनी खर्ज धरला. चारपाचच पुरुष, त्यात एक खोकणारा. लुंगिसानं डो लावला आणि लगेच तिचा मी ऐकायला कान टवकारले. आता कुठं आहे ती? चौदा भाग खाली? की आज आणखी? ऐकता ऐकता त्याचा स्वतःचा सूर घसरला. तिनं सावरून घेतलं, त्याच्यामागं आली. तो घाबरून वर गेला. ती वर आली. कबरीच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांना शोधत होते, आणि त्याला हळूहळू, भीती वाटत वाटत कळलं की ती कुठल्याही पट्टीवर उभी नाही. ती त्याच्यावर उभी आहे. मी कधी एकटा नसतो, त्याला खाली कुणीतरी लागतं. हॉलमध्ये त्या मंगळवारी पुरुषांना गप्प बसवून तिला एकटीला गायला लावलं होतं, आणि तेव्हाही ती कुणाच्या तरी न लावलेल्या डोवर उभी होती. ‘हो, थोडा’ म्हणणाऱ्याच्या?

कडवं संपलं. फावडी बदलली. ब्लँकेट सावरत ती कडेकडेनं त्याच्या जवळ आली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “लुंगिसा, माझं ऐकू नकोस. तू हलू नकोस फक्त.”

दुसरं कडवं. त्यानं पाय रोवले, डोळे खड्ड्यावर ठेवले आणि सूर लावला. तो लावलेला होता की पडलेला, त्याला ठाऊक नव्हतं. काही मोजलं नाही. छातीत हाडं जिथं जुळतात तिथं काहीतरी बसलं, जड, न हलणारं, आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन टेकलं, इतकं अलगद की कधी टेकलं ते कळलं नाही. माती पडत होती, पण पडल्याचा आवाज येत नव्हता. चौथं कडवं, पाचवं. वारा फिरला तेव्हा शेजारच्या कुणाच्या तरी कबरीवरची पत्र्याची फुलं खडखडली. तेवढा वेळ तो पुन्हा गोंधळला, आणि पुन्हा उभा राहिला. ढीग भरला, फावड्यांनी थापून झाला, गाणं आपोआप बारीक होत थांबलं.

सोन्त्शींच्या घराच्या फाटकाशी पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं. परत आलेले एकेक जण वाकून हात धूत होते. आतून शिजलेल्या मक्याचा आणि मटणाचा वास येत होता. लुंगिसानं आईच्या हातावर पाणी घातलं, मग स्वतःच्या. बोटांच्या पेरांत माती होती. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती विचारायची नाही असं त्यानं टेकडी उतरताना ठरवलं होतं.

“आई,” तो म्हणाला, “पहिल्या कडव्याला सुरू केलं तिथनं शेवटी आपण उतरलो का ग?”

आईनं ओले हात ब्लँकेटच्या टोकाला पुसले.

“उतरलो असू,” ती म्हणाली. “सगळे बरोबर उतरलो ना?”